हाताने लावलेला नट

दि. १० मार्च २००३

माझे नाव लवू धोंडू मेस्त्री, वय ५४ वर्षे, धंदा गॅरेज, पूर्वी गिरणीत फिटर, राहणार लालबाग, मुंबई. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी शेवंती हिच्यासह राहतो. गिरणीच्या साचाखात्यात मी चौदा वर्षे साच्यांची, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांची, फिटिंग केली. १९८२ च्या जानेवारीत संपावर बाहेर पडलो. संप मागे घेतल्याचे मला अद्याप कोणी कळवलेले नाही. तोवर गाड्या दुरुस्त करतो.

नोव्हेंबरात निहारशेठ माझ्याकडे जीप घेऊन आले. गिरणीची जागा घेतलेल्या बिल्डरचे ते चिरंजीव, वय अंदाजे २६. दगडधोंड्यांवर जीप चढवण्याचा त्यांना शौक आहे. मुंबईत तसे दगडधोंडे नाहीत, ते त्यांचे वडील तयार करतात.

जीपचे मागचे पाटे काढून मी स्प्रिंगा आणि चार लिंक बसवल्या. लिंक म्हणजे जाड पाइपाची दांडी. वजन स्प्रिंग पेलते, अॅक्सल जागेवर धरते ती लिंक. वरच्या दोन लिंकांचा कोन चुकला तर चढावर मागचा भाग उड्या मारतो. कोन बदलता यावा म्हणून चासीच्या पट्ट्यांना मी एकाखाली एक तीन भोके ठेवली. कोणते बरोबर, हे चढावरच कळते.

काल रविवारी सकाळी दहा वाजता निहारशेठ म्हणाले, आमच्या साइटवर चला. साइट म्हणजे तीच गिरणी. मी तिथे परवानगीशिवाय शिरलो असे फिर्यादीत आहे. जीप निहारशेठ चालवत होते, मी शेजारी बसलो होतो. त्यांना न दिसता मी कसा बसलो, हे साइटचे मॅनेजरसाहेबच सांगतील. फिर्याद त्यांची आहे. ते जागेवर नव्हते, त्यामुळे त्यांना सर्व माहीत आहे. गेटवरचा वॉचमन गणपत पूर्वी माझ्याच खात्यात साचे चालवायचा. त्याने सलाम केला. तो जीपला होता.

निहारशेठनी चढून पाहायला दाखवलेला ढीग पाडलेल्या साचाखात्याचा होता. खालच्या भोकात जीप मागून उडाली. वरच्या भोकात मागे दबली, पुढची चाके हलकी पडली. मी मधल्या भोकात बोल्ट घातले, नट हाताने लावले. पाना लावायचा बाकी होता. तेवढ्यात ढिगामागे जमिनीतून वर आलेले चार बोल्ट दिसले. ते पाहायला मी गेलो. का गेलो असे विचारल्यावरून सांगतो की, ते मी १९६९ साली गाडले होते. वरचा साचा नव्हता. किती वेळ उभा होतो, ते सांगता येत नाही.

इंजिनाचा आवाज आला म्हणून वळलो. निहारशेठ एकटेच जीप चढवत होते. अर्ध्यापर्यंत ती सरळ चढली, मागून उडाली नाही. मधले भोक बरोबर होते. नंतर डावीकडचा बोल्ट निघाला, अॅक्सल फिरला, जीप कुशीवर पडली. मी आत हात घालून चावी बंद केली. गेटवरून धावत आलेल्या गणपतने व मी त्यांना बाहेर काढले. उजवा हात कोपराच्या वर मोडला होता. ते म्हणाले, "काका, माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "तुझं काही नाही. नट माझा होता."

संपाचा राग धरून मी हे मुद्दाम केले, असे मॅनेजरसाहेबांचे म्हणणे. तसा राग धरायचा तर रांगेत अडीच लाख माणसे आहेत. माझा नंबर इतक्या लवकर लागणार नाही. शिवाय चार महिने खपून केलेली फिटिंग मी स्वतः मोडीन, असे मला ओळखणारा कोणी म्हणणार नाही.

गणपतचा जबाब मला वाचून दाखवला. त्यात, पाना लावल्याशिवाय जीप हलवू नका, असे मी ओरडून सांगितलेले त्याने ऐकले असे आहे. गणपत तेव्हा गेटवर होता. मी ओरडलो नाही. नट सैल आहेत हे मी निहारशेठना सांगितलेच नव्हते. गणपत मला वाचवण्यासाठी तसे बोलला. त्याबद्दल त्याला त्रास होऊ नये.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'सूचना देऊनही' हे दोन शब्द आपणहून आले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले. उरलेला मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

सही/-
लवू धोंडू मेस्त्री