शेजारच्या पेशी

रेडिएशनच्या खोलीबाहेर, माझ्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एकीचा नवरा आत होता.

"घशाला किरण देताहेत ना, तर यांची चवच गेलीय."

"पण नेम गाठीवरच धरतात ना?"

"मीही तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, ज्या पेशींवर किरण पडतच नाहीत, त्यांनाही कधीकधी झळ लागते."

"न पडता कशी लागेल?"

"मार बसलेली पेशी शेजारणीला सांगावा धाडते म्हणे."

"म्हणजे पेशींनाही शेजारधर्म आहे म्हणायचा. बरं, तुम्ही जेवताय ना नीट?"

"जेवते की. काल तर वाटीभर भाजी संपवली. मग लेक जेवायला बसली आणि म्हणाली, आई, यात मीठच नाहीये."