भाकरीचा तवा आणि आमची थंड खोली

...आणि कानटोपी कुठे घातली, तर वाळवंटात! तुम्हाला सांगतो, शारजात, अल नहदाला, चौदाव्या मजल्यावर, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मी आत कानटोपी, स्वेटर, पायात लोकरी मोजे... तक्रार म्हणून नाही सांगत हं. मुलाचं घर आहे, कौतुकानं बोलावलंय. पण आमची खोली म्हणजे मासळीची बर्फाची पेटी, आणि त्यात आम्ही दोन जुने बांगडे, मी आणि आमची ठकुबाई!

मोज्यांत पायांची बोटं आहेत की नाहीत ते मला वाकून बघावं लागतं, आपोआप कळत नाही. ठकुबाईच्या हातांचं तेच. सकाळी मी तिची बोटं चोळत बसतो, ती म्हणते, "अहो, सोडा, सूनबाई बघेल," आणि हात काही ओढून घेत नाही... परवा मात्र म्हणाली, "शुक्रवारपर्यंत खोली नीट झाली नाही तर मला गावी पोचवा." चाळीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट! मग नको का काही करायला?

नातीला, केयाला विचारलं, हा एसी बंद कुठून होतो गं? "आबा, यू कान्ट. इट्स सेंट्रल." म्हणजे सगळ्या घराला एक मशीन, आणि हॉलच्या भिंतीवर त्याची एक डबी, ती ठरवणार कुणाला किती गार! मग मी खिडकी उघडली, म्हटलं एवढं ऊन पडलंय, घ्यावं थोडं आत. सूनबाई धावत आली, "बाबा, भिंतींना पाणी सुटेल!" मग छताच्या ज्या जाळीतून गार हवा येते, तिच्यात लुंगी कोंबली. ती भिजली आणि ठकुबाईच्या उशीवर टपटप... तक्रार म्हणून नाही सांगत.

शेवटी विघ्नेशनं, मुलानं, बिल्डिंगचा मेकॅनिक बोलावला. नाव हमदुल्ला. शिडीवर चढला, उतरला, "बाबाजी, मशीन एकदम ओके." अरे, मशीन ओके आहे, आम्ही नाही आहोत! तेवढ्यात ठकुबाईनं तवा ठेवला. स्वयंपाकघर हॉलमध्येच, उघडं. हा तव्याकडे बघतो, शेजारच्या डबीकडे बघतो, परत तव्याकडे... "अम्मा रोज रोटी बनाती है?"

म्हटलं, दोन्ही वेळा, तांदळाची.

"तो बस! तवे की गरमी डिब्बी को लगती है, डिब्बी समझती है पूरा घर गरम है, ठंडा फेंकती है. ठंडी हवा का पहला कमरा आपका!"

मग डबी हलव की बाबा! "ऑफिस की परमिशन चाहिए. दो महीना, इन्शाल्ला." आणि आमचा विसा उरलाय पंचवीस दिवस! "तब तक अम्मा की रोटी खलास."

मी खूश. ठकुबाईला म्हटलं, उद्यापासून तवा बंद, खोली उबदार. संध्याकाळी विघ्नेश ऑफिसातून आला, बूटसुद्धा न काढता ताटावर बसला, एरवी हा माणूस डब्यातलं सॅलड खातो, आणि म्हणतो कसा, "आई, अजून एक." तीन खाल्ल्या. ती नुसती बघत राहिली.

शुक्रवार उजाडला. "अहो, बॅग काढा." काढली. तिनं सगळी उपसली, हवं ते सापडलं नाही, मग माझ्या पायांकडे बघितलं... लोकरी मोजे एवढा एकच जोड. काढून दिले. तिनं ते पायात चढवले आणि गेली पीठ मळायला.

आता माझे पाय उघडे आहेत, असं ती म्हणते. मला काही कळत नाही... तक्रार म्हणून नाही सांगत.