ठमाबाईंचा ट्रॅक्टर

अमजद : रडू नका, ठमामावशी. घरकुल नामंजूर झालं म्हंजी तुमी गरीब न्हाय असं सरकारनं ठरवलंय. लोकं यासाठी पेढे वाटतात.

ठमाबाई : रडतंय कोण? तुझ्या दुकानातल्या पंख्याची धूळ डोळ्यात गेली. कारण काय दिलंय ते वाच.

अमजद : ‘अर्जदाराकडे ट्रॅक्टर आहे.’

ठमाबाई : कुणाकडं?

अमजद : तुमच्याकडं. निळा, पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा.

ठमाबाई : त्यो व्हय! त्यो बंगल्यावरच्या आप्पासाहेबांचा.

अमजद : अनुदान तुमच्या नावावर उचललंय.

ठमाबाई : त्येंनीच म्हणलं, बाईमाणूस आसंल, त्यात जमीन थोडी आसंल, तर सरकार जास्त देतं. माझी बारा गुंठं. नुसतं नाव तर द्यायचं हुतं. नाव काय झिजतंय व्हय?

अमजद : बदल्यात काय ठरलं?

ठमाबाई : माझं रान फुकट नांगरून द्यायचं. पयल्या वर्सी त्यांच्या उसाची घाई हुती. दुसऱ्या वर्सी मग मीच भाड्यानं बोलावला.

अमजद : कुठला ट्रॅक्टर?

ठमाबाई : त्योच की. पर डायवर लई भला. म्हणला, मालकीणबाई, जरा कडंला व्हा.

अमजद : तुमी कुणाला बोलला न्हाय?

ठमाबाई : मला येळ कुठाय? ‘ऑइल बदला’ आसा मेसेज माझ्याच फोनवर येतोय. दर बारीला चालत जाऊन बंगल्यावर सांगून येती. शोरूमची पोरगी फोन करती, तुमच्या ट्रॅक्टरला वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझ्या वाढदिवसाला कुणी केला न्हाय.

अमजद : तुमचा कधी असतो?

ठमाबाई : ठावं न्हाय. म्हणूनच केला नसंल.

(बाहेर ट्रॅक्टर थांबतो. आप्पासाहेबांचा नातू ऋषिराज आत येतो.)

ऋषिराज : अमजदभाई, दोन झेरॉक्स. अरे, मावशी! तुम्ही इथं?

अमजद : मावशींचं घरकुल गेलं, ऋषिराज. तुमच्या ट्रॅक्टरखाली.

ऋषिराज : बाप रे! कुणाला लागलं का?

ठमाबाई : न्हाय दादा. घर आजून बांधलंच नव्हतं.

अमजद : मावशींच्या नावावर ट्रॅक्टर दिसतोय म्हणून नाकारलं. ते नाव काढा.

ऋषिराज : हे आमच्या लक्षातच आलं नाही. आजोबांना आजच सांगतो. पण अनुदानाचा ट्रॅक्टर सहा वर्षं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून नियम आहे.

अमजद : नियम चांगला हाय.

ऋषिराज : अमजदभाई, टोमणे नका मारू. मला खरंच वाईट वाटतंय.

अमजद : मग किल्ली द्या. कागदावर मालकीण त्याच हाईत. मावशी, घ्या किल्ली, दारात नेऊन लावा.

ठमाबाई : दार कुठाय? भिंत पडल्यापासनं ताडपत्रीत ऱ्हाती मी. ट्रॅक्टर बंगल्यामागं पत्र्याच्या शेडात ऱ्हातो. गळत न्हाय. मीच झाडती तितं.

ऋषिराज : मावशी, ही घ्या. खरंच घ्या. आजोबांना काय सांगायचं ते मी बघतो.

अमजद : धरा की, मावशी.

ठमाबाई : आन् उद्या खुरपायला कुणाच्या रानात जाऊ?

(ऋषिराज किल्ली पुढे धरूनच उभा राहतो.)

ठमाबाई : ठिव दादा खिशात. हरवंल. आन् आजोबांना सांग, ऑइल बदलायचा मेसेज आलाय. मी उद्या सांगणारच हुती.

ऋषिराज : झेरॉक्स नंतर नेतो, अमजदभाई.

अमजद : गेला. निदान सोडतो तरी म्हणायचं घरापर्यंत.

ठमाबाई : लाजला आसंल. पोरगं वाईट न्हाय. अमजद, अनुदानाच्या टायमाला तू माझा फोटू काढला हुतास. शिटावर बसवून, हार घालून. हाय का त्यो?

अमजद : हाय. झकास हसताय त्यात.

ठमाबाई : पयल्यांदाच बसली हुती. परत कुठं बसली? एक मोठा काढ.

अमजद : मोठा? ताडपत्रीला कसा टांगणार?

ठमाबाई : आत्ता नगं. तुझ्याकडंच गुंडाळून ठिव. भिंत झाली की न्हेईन.