खोकल्याचे मार्क

मधुमेहाच्या दवाखान्यात पायाची पट्टी बदलून घ्यायला आलेला शिंपी बाकावर वाट बघत होता. तपासणी आटोपून एक आजोबा आजींबरोबर बाहेर आले आणि त्याच्या शेजारी टेकले.

"पाहिलंस? डोळे मिटून सगळं बरोबर! डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवला रे टेकवला, की माझं 'हो' तयार!"

"मी खोकत होते म्हणून!"

"शेवटी जरा उशिराच खोकलीस."

"अहो, ती काय शाळेची परीक्षा होती? पायाला कळतंय का, ते बघत होते."

"माझ्या पायाला सगळं कळतं."

"मग तळव्याची जखम कशी कळली नाही? फरशीवरचं रक्त बघून मला वाटलं, घरात खूनच पडला."

"तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

"चला आत. खरं काय ते सांगून टाकू."

"पास झालेला माणूस पुन्हा पेपर देतो का?"

तेवढ्यात नर्स एक चप्पल घेऊन बाहेर आली.

"ही आत कोणाची राहिली?"

"घ्या! पायातली चप्पल गळून पडली, तरी गड्याला पत्ता नाही! असा वेंधळा कोण असेल गं?" आजोबा आजींकडे बघून हसले.

शिंप्याने आजोबांच्या पायांकडे पाहिलं. आजी खोकल्या.

आजोबांनी चटकन डोळे मिटले.

"हो!"