मुलांविना बी.एड.

मला वाटलं होतं, शिक्षक घडवणारं कॉलेज म्हणजे तिथं मुलं असतील, गोंगाट असेल, कुणाचं नाक वाहत असेल, कुणी बाकाखाली दडलं असेल... आणि डिंडोलीतल्या आमच्या बी.एड. कॉलेजात शिकवायला रुजू झाले त्या पहिल्या दिवशी मी बघते काय, तर साड्या नेसलेल्या बायका बाकांवर ताठ बसल्यात आणि बारीक आवाज काढून ओरडतायत, 'नमस्ते टीचर!' सुषमानं तर दोन वेण्या घातलेल्या, तिचा स्वतःचा मुलगा पाचवीत आहे. हे काय, म्हटलं. तर म्हणे, पाठाचा सराव. एक जण शिक्षिका होते, बाकीच्या मुलं होतात. अहो, पण मुलं कुठे आहेत?

तुम्हाला सांगते, मी फिनलंडला शिकले. तिथं आम्हाला सुरुवातीलाच वर्गात ढकललं होतं, एका पोरानं माझ्या बुटात वाळू भरली आणि तेव्हा मला कळलं, शिकवणं म्हणजे काय. हेच आपल्या सुरतेत करायचं म्हणून परत आले. आई तेव्हाच म्हणाली, 'कसाले उनी व माय, तठे बरं व्हतं ना?' कशाला आलीस, म्हणे. ऐकायला हवं होतं.

बरं, मुलं लांब आहेत का? नाहीत हो. रस्त्यापलीकडे म्युनिसिपालटीची शाळा आहे. मधल्या सुट्टीत असा कल्ला होतो की आमचा वर्ग हादरतो. मग योगेंद्र सर, म्हणजे आमचे प्राचार्य, शिपाई पुष्पाबाईंना हाक मारतात, 'बारी बंद करो, पाठ डिस्टर्ब थाय छे.' मुलांच्या आवाजानं शिक्षक घडवण्यात व्यत्यय येतो म्हणून खिडक्या बंद! मी गेले केबिनमध्ये. 'सर, मुलं कुठे आहेत?'

'जुओ साक्षीबेन, खरी मुलं आली की पाठ बिघडतो. आपल्याकडे आजवर एक पाठ फसला नाही.'

कसा फसेल? कोरड्या विहिरीत पोहायला शिकवलं तर बुडणार कोण?

आणि मग शीतलचं झालं. शीतल म्हणजे आमची पहिल्या नंबरची विद्यार्थिनी, पाठ म्हणावा तर तिचा. बाप कतारगामला लूमवर, घरात कॉलेजचं तोंड पाहणारी ही पहिली. कोसाडच्या एका शाळेनं तिला बोलावलं, एक पाठ घेऊन दाखवा, आवडला तर नोकरी पक्की. ती हातात पान धरून उभी राहिली, 'मुलांनो, हे काय आहे?' आमच्याकडे सगळ्या बायका एका सुरात 'पान' म्हणतात. तिथं एक पोरगं उभं राहिलं, 'टीचर, एकी जाऊं?'

झालं. तिनं पाठटाचणात बघितलं. उलटून मागच्या बाजूला बघितलं. तोवर अर्धा वर्ग करंगळ्या वर करून उभा, उरलेला अर्धा दाराबाहेर, आणि दारात त्यांच्या मोठ्या बाई. शीतल परत आली ती सरळ माझ्याकडे.

'मॅडम, टाचणात एकी नव्हती.'

हसताय ना? मीही हसले. मग ती म्हणाली, 'मला शिकवता येत नाही, मॅडम. मी आईबरोबर साड्यांना टिकल्या चिकटवायला बसते.' जिनं एकही मूल पाहिलं नाही, ती म्हणते मला शिकवता येत नाही! तिला दाखवली होती का कॉलेजनं मुलं? कुठे आहेत मुलं?

पुन्हा केबिन. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, म्हणाले, 'साची वात, खरं आहे तुमचं. सुधारणा करावी लागेल.' मला तर भरून आलं. संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सुधारणा जाहीर झाली. यापुढे प्रत्येक पाठात चौथ्या बाकावरची बाई एकीला जायची परवानगी मागेल.

सुषमानं हात वर केला. 'सर, खरंच जायचं की नुसतं विचारायचं?'

'नुसतं विचारायचं. पाठ बिघडता कामा नये.'

मी तिथंच सगळ्यांसमोर तोंड सोडलं. म्हटलं, समोरच्या शाळेत दोन वर्गांना शिक्षक नाही, आम्हाला रस्ता ओलांडू द्या. तर सर शांतपणे म्हणाले, 'जाओ ने, मी कुठे अडवतो? पण कॉलेजच्या वेळेत कॉलेजबाहेर म्हणजे गैरहजर. आणि हजेरी कमी भरली की परीक्षेला बसता येत नाही, हे तुम्ही त्यांना सांगा.' म्हणजे बघा, मुलांपुढे उभी राहील ती गैरहजर, आणि वेण्या घालून मूल होईल ती हजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल लायब्ररीची पुस्तकं परत करायला आली, कायमची. मी ती तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवली, मस्टर ओढलं, माझ्या नावापुढे मीच 'गैरहजर' लिहिलं आणि म्हटलं, 'चल.'

'कुठं, मॅडम?'

'समोर. आधी त्या पोरांना एकीला सोडू, मग काय शिकवायचं ते बघू.'

जिन्यापर्यंत पोहोचलो तर मागे सुषमा, वेण्या सोडत सोडत. तर तुम्हाला सांगते, असं ठरलंय. परीक्षा न बुडता जितके दिवस गैरहजर राहता येईल, तितके दिवस शिक्षिका व्हायचं, बाकीचे दिवस बी.एड. करायचं.