बाबांची बस आणि माझा साधा लॅपटॉप

...नाही, पण मी म्हणते, लॅपटॉप गादीवर ठेवतं का कोणी? गादीवर रजई, रजईवर उशी, उशीवर लॅपटॉप! अहो, बाळंतिणीला मिळत नाही एवढी बडदास्त! आणि साधा लॅपटॉप हो माझा, साधा! लिहिण्यावाचण्यापुरता घेतलेला. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. मिक्सर, इस्त्री, धुण्याचं मशीन... ‘उपकरण हवेशीर जागी ठेवावे, छिद्रे झाकू नयेत’ हे वाक्य इतक्यांदा लिहिलंय की झोपेतसुद्धा बरळते. आणि माझ्याच घरात रजई!

तुम्हाला सांगते, आमचे सासरे बसचे ड्रायव्हर. निवृत्त झाले तरी कोणाची ना कोणाची गाडी चालवतच होते. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, लांबचं धूसर दिसतंय तुम्हाला. आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही.” झालं! माणूस मिटलाच. खिडकीशी बसायचे, आणि खालून बस गेली की त्यांचा उजवा पाय आपोआप दबायचा. ब्रेक हो! वळणावर ब्रेक!

आमच्या ह्यांना ते बघवेना. एक दिवस माझ्या लॅपटॉपवर बस चालवायचा खेळ घालून दिला. मी म्हटलं, अहो, झेपेल का त्याला? तर म्हणे, “साधा खेळ आहे गं.” लॅपटॉपही साधाच आहे म्हटलं! पण हे ऐकायला घरात होते कुठे? गेले ऑफिसला.

आणि बाबा? बाबा खुलले! “चला, चला, आत सरका, दारात उभं राहू नका...” पलंगावर बसून हा आवाज! इतके दिवस ‘हं’ आणि ‘नको’ यापलीकडे शब्द नव्हता तोंडात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... पण लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागला की शेजारीण विचारून गेली, “गिरणी टाकलीत का?” साधा लॅपटॉप हो माझा!

बरं, एवढ्यावर भागलं का? नाही. बाबांना हवी दुमजली बस. खेळात ती विकतची. मग इंटरनेटच्या कुठल्याशा पानावर दिसलं, ‘दुमजली बस फुकट! इथे दाबा!’ दाबलं. मी आंघोळ करून बाहेर येते तर लॅपटॉपचा पडदा लालभडक, भोंगा वाजतोय, ‘तुमच्या संगणकात विषाणू! ताबडतोब फोन करा!’ आणि बाबा शांत.

“अगं, केला मी फोन. मुलगी फार काळजीने बोलत होती गं. पासवर्ड विचारत होती.”

मी किंचाळलेच, “दिलात?”

“मला कुठे ठाऊकाय? म्हटलं, सूनबाई आंघोळीला गेलीय, आली की तुमच्याशी बोलेल. फोन धरून बसलीय बिचारी. घे.”

घे?! फोन आपटला, इंटरनेट तोडलं, लॅपटॉपला हात लावला तर नुसती इस्त्री! तेवढ्यात पडदा काळा. ठप्प. आणि लॅपटॉपच्या पोटात माझा फ्रीज! म्हणजे फ्रीजची अख्खी पुस्तिका, दुसऱ्या दिवशी द्यायची!

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. “ताई, मांजर पाळलंय का ह्यात?” रजईचा कापूस निघाला हो, मूठभर! फ्रीज वाचला, विषाणूबिषाणू काही नव्हता, नुसती भीती घालून लुबाडायचे धंदे. तो म्हणाला, “खेळू द्या की काकांना. टेबलावर ठेवा, खालून हवा जाऊ द्या. खेळातली चित्रं जरा कमी झगमगीत करा. काही घ्यायचं तर खेळ बनवणाऱ्यांकडूनच घ्या. लॅपटॉपवर काकांचं खातं वेगळं काढा आणि तुमच्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवा.”

पण माझं ठरलं होतं. खेळ काढायचा! तावातावाने घरी आले. बाबा खिडकीशी. खालून बस गेली... पाय हलला नाही.

“काढून टाक गं तो खेळ,” म्हणाले. “इंजिन तापलं की गाडी बाजूला घ्यायची. जन्मभर तेच केलं, आणि तुझी गाडी जाळायला निघालो होतो. डॉक्टरीणबाई बरोबर म्हणाल्या. राहिलं नाही आता माझ्यात काही.”

मी टेबलावरचा पसारा बाजूला केला. म्हटलं, “काढायचा कशाला? गाडी टेबलावर घ्या, बाबा.”

आता? आता विचारू नका! सुरू करण्याआधी लॅपटॉप तिरपा करून खालून तपासणी. पंख्यापाशी तळवा धरून, “हवा येतेय. चला!” जरा आवाज वाढला की गाडी कडेला, इंजिन थंड होईस्तोवर स्वतः चकरा मारणार. कुठलं बटण दिसलं की मला हाक, “ही बस कंपनीची का बाहेरची?” खेळातले सगळे सिग्नल पाळतात, खेळातल्या म्हातारीला चढायला वेळ देतात. इतका सुरक्षित खेळ कोणी खेळत नसेल हो! पण साधा लॅपटॉप माझा, आणि एकच आहे ना तो! मी काम करू कधी?

आज म्हटलं, “बाबा, मला धुण्याचं मशीन पाठवायचंय, लॅपटॉप देता?”

रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, “मध्ये गाडी थांबत नाही. थांब्यावर उभी राहा, आणि हात कर.”

...केलाय हात. उभी आहे. भरून गेली हो बस, तशीच पुढे गेली!