वहिनीच्या हातचं चिकन

अजून आठवलं की माझं डोकं तापतं. माझा भाऊ दुबईला हॉटेलात कामाला आहे, तिथंच त्यानं फिलिपिन्सच्या मारिसेलशी लग्न केलं. गेल्या महिन्यात दोघं मिरजगावला आले. वहिनीनं हौसेनं व्हिनेगर, लसूण आणि सोया सॉस घालून चिकन केलं. आम्ही जेवत होतो तेवढ्यात थोरले चुलते, आण्णा, दारात आले. तिच्या देशात जेवताना कुणीही आलं की त्याला बोलवायचंच, म्हणून ती नवं शिकलेलं मराठी बोलली, "काका, या जेवायला."

आण्णा मला म्हणाले, "हिच्या हातचं मी न्हाई खायाचो. हे लोक काय बी खात्यात."

दर जयंतीला समतेवर भाषण ठोकणारा हा माणूस! मी ताटावरून उठणार, तेवढ्यात आईच बोलली. "आण्णा, गाव आपल्या हातचं पानी पीत नव्हतं, तवा आपल्याबद्दल बी हेच म्हनायचं."

वहिनीला यातलं काहीच कळलं नाही. तिनं हसून पुन्हा म्हटलं, "काका, या जेवायला."

आण्णा येऊन बसले. दोनदा रस्सा मागून घेतला. आणि वर म्हणतात कसे, "तिखट कमी हाय."